अंबुजाबाईंची बादली

अंबुजाबाईंचं घर चामुंडीपुरमात आहे. पक्षाचं ऑफिस म्हणजे त्या घराचा ओटा, आणि पक्षाचं फर्निचर म्हणजे ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीचा पाय वाकडा आहे. नव्या माणसाला ती द्यायची नाही एवढी एक शिस्त आमच्या पक्षात कडक पाळली जाते. बाकी शिस्तीचा कारभार यथातथाच.

मी या पक्षाची सरचिटणीस. हे पद मला मिळालं कारण त्या दिवशी मी हजर होते. नाशिकहून नवऱ्याच्या नोकरीपायी म्हैसूरला आले तेव्हा मला कन्नडमधलं ‘बेकु’ आणि ‘बेड’ एवढंच येत होतं, म्हणजे हवं आणि नको. भाजीवाल्याशी त्यावर भागायचं, पण दिवसभर बोलायचं कुणाशी? शेजारच्या बाईंनी एक दिवस कुंपणावरून विचारलं, “तू मराठी काय गं? आम्ही पण मराठीच की, स्वल्प मोडकी.” त्या अंबुजाबाई. त्यांच्या घराण्याला म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण वाक्य कुठे कन्नडमध्ये शिरेल याचा नेम नाही. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना ‘मिस’ म्हणतो. त्यांनी मला कन्नड शिकवलं, बाजार शिकवला, आणि रडू यायचं तेव्हा चहा दिला. अशा बाईंनी ‘सही कर’ म्हटल्यावर मी कागद न वाचताच सही केली, आणि सरचिटणीस झाले.

पक्षाचं नाव ‘नम्म बीदी’, म्हणजे आपली गल्ली. सुरुवात झाली ती गल्लीमागच्या गटारापासून. ते दर पावसाळ्यात फुगून घरात यायचं. अर्ज करून करून बाई दमल्या, आणि निवृत्त झाल्यावर सरळ पक्ष काढून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, “अपक्ष उभ्या राहा ना, एवढा खटाटोप कशाला?” त्या म्हणाल्या, “एकटी उभी राहिले तर मी गेले की संपलं. पक्ष असला तर मागून कोणीतरी चालवेल, अल्ला?” हा ‘अल्ला’ म्हणजे कन्नडमधलं ‘नाही का’. नव्याने ऐकणारा दचकतो.

पक्षाचं तत्त्व एकच होतं. मतासाठी कुणाला काहीही द्यायचं नाही. साडी नाही, कुकर नाही, चहासुद्धा नाही. आमचे खजिनदार वेंकोबा, बँकेतून निवृत्त झालेले आणि नियमांचं भारी वेड असलेले, म्हणाले, “हे तत्त्व उत्तम आहे. द्यायला आपल्याकडे काही नाहीच.”

ते खरंच होतं. आमची पत्रकं पुस्तकात खुणेला घालतात तेवढी अरुंद होती, कारण बाईंच्या एका विद्यार्थिनीचा छापखाना होता आणि लग्नपत्रिकांच्या कापून उरलेल्या पट्ट्यांवर ती आम्हाला फुकट छापून द्यायची. एका बाजूला गटाराचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला कधीकधी अर्धा गणपती. लोक ती पत्रकं टाकत नसत, कारण गणपती कोण टाकेल? त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

आणि उपकार हा तर बाईंचा शब्द. दार उघडलं की त्या हात जोडून म्हणायच्या, “दार उघडलंत, उपकार झाले.” मत देणार नाही असं तोंडावर सांगणाऱ्यालाही, “खरं सांगितलंत, उपकार झाले.” एका आजोबांनी तर आम्हाला अर्धा तास फैलावर घेतलं. राजकारणी म्हणजे सगळे एकजात चोर, वगैरे. त्यांनाही बाईंनी हात जोडले, “एवढा वेळ दिलात, उपकार झाले.” माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, “बाई, शिव्यांचे कसले उपकार?” तर म्हणायच्या, “अगं, बाकीची दारं उघडलीसुद्धा नाहीत. हे उघडून तर बोलले!”

पहिल्या निवडणुकीत आम्हाला नोटापेक्षा कमी मतं पडली. म्हणजे लोकांनी ‘यांपैकी कुणीही नको’ हे बटण आमच्यापेक्षा आवडीने दाबलं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. बाईंनी मतं देणाऱ्यांचे आभार मानायला गल्लीत फेरी काढली. पण त्या फेरीत त्या एक वाक्य बोलून गेल्या, आणि ते माझ्या मनात राहिलं. म्हणाल्या, “अजून एकदा लढू. तेव्हाही माणूस जुळला नाही तर पक्ष बंद. मुलं नाहीत तिथे शाळा चालवून काय करायचं?”

दुसरी वेळ आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली, मतदान दसऱ्यानंतरच्या रविवारी. उमेदवार अर्थातच बाई. आम्हाला चिन्ह मिळालं बादली. मला शिट्टी हवी होती, वाजवत तरी फिरता आलं असतं. पण बाई खूश झाल्या. “नोड मृदुला,” म्हणाल्या, म्हणजे बघ, “बकेट नाही असं घर आहे का? आपल्याला फलक छापायलाच नकोत. ज्याला आपण पटलो त्याने आपलीच बकेट गेटला टांगावी.”

आणि लोकांनी टांगल्या! निळ्या, हिरव्या, कड्या तुटलेल्या, एक तर चक्क तांब्याची. सकाळी फिरायला निघालं की नवीन बादली कुठे दिसते ते मी बघायचे आणि दिसली की माझं पोट भरायचं. फक्त एका गेटला बादली नव्हती, आणि ते गेट पक्षाच्या ऑफिसचं होतं.

कारण घर वासुदेवरावांचं. वासुदेवराव म्हणजे बाईंचे यजमान. सरकारी खात्यातून निवृत्त, मितभाषी, आणि पहिल्या मतापासून एका जुन्या पक्षाला बांधलेले. खासगी जागेत प्रचाराची वस्तू लावायची तर मालकाची संमती लागते, आणि मालकांनी ती दिली नाही. “ओटा घे, खुर्च्या घे, कॉफी मी करून देतो,” असं त्यांनी बाईंना सांगून टाकलं होतं, “पण गेट माझं. मी तुझ्या पक्षात नाही.” बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांनी कुणाला मत दिलं हेही त्या विचारत नसत. जन्मभर वर्गात गुप्त मतदान शिकवलेली बाई घरात कशी विचारणार? मी मात्र तिथून जाताना त्या रिकाम्या गेटकडे बघून रोज दात-ओठ खायचे.

वासुदेवरावांचं राज्य म्हणजे स्वयंपाकघर. हाताला चव अशी की लग्नाच्या पंगतीत आचारी त्यांना बोलावून सारू, म्हणजे सार, चाखायला लावतात. आणि नवरात्र हा त्यांचा खरा हंगाम.

म्हैसुरात नवरात्रात घरोघर गोंबे मांडतात, म्हणजे बाहुल्या. पायऱ्या करून त्यावर पांढरं कापड घालायचं, सगळ्यात वर लाकडाचे राजा-राणी, खाली देव, लग्नाची वरात, दसऱ्याचे हत्ती, वाणी आणि त्याचं दुकान. संध्याकाळी मुलं घोळक्याने दारोदार विचारत येतात, “गोंबे कूरसिद्दीरा?” बाहुल्या मांडल्यात का? आत घ्यायचं, बाहुल्या दाखवायच्या आणि जाताना हातावर काहीतरी खाऊ ठेवायचा. त्याला चरपु म्हणतात. मुलाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. वासुदेवराव रोज वेगळ्या कडधान्याची उसळी करायचे, वर ओलं खोबरं आणि हिंगाचा असा वास की घोळका कोपऱ्यावरूनच पळत सुटे.

त्या वर्षी बाईंनी एका पायरीवर मतदान केंद्र मांडलं. बाहुल्यांची रांग, टेबलाशी बसलेला वाणी, पुठ्ठ्याचं यंत्र. आणि रांगेत, फुलवालीच्या मागे आणि हमालाच्या पुढे, कोण? राजा आणि राणी! वरची पायरी रिकामी. आईने लग्नात दिलेली ती रक्तचंदनाची जोडी बाईंनी खाली उतरवून रांगेत उभी केली होती. म्हैसुरात हे म्हणजे फारच झालं. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. मुलं मात्र राणीला विचारायची, “निमदू ओट यारिगे?” तुमचं मत कुणाला?

आचारसंहिता होती, म्हणून वेंकोबांनी एकेक बाहुली तपासली. चिन्ह कुठे दिसता कामा नये. एका बाहुलीच्या विहिरीवर काडीपेटीएवढी बादली होती, तीही त्यांनी काढून खिशात टाकली. मी हसले, तर म्हणाले, “मॅडम, कायदा बाहुली बघत नाही.”

आणि त्याच संध्याकाळी गर्दी एवढी लोटली की उसळीचं पातेलं अपुरं पडलं. वासुदेवरावांनी आपल्या मनाने दुसरा घाणा केला, आणि पंगतीत वाढायला आपण जी स्टीलची बादली वापरतो ती भरून, पळी घालून, बाहेर आणली. त्यांच्या दृष्टीने ते वाढायचं भांडं. लग्नात सारू बादलीतून, भात बादलीतून, मग उसळी कशातून? आमच्या उमेदवाराच्या घरी, उमेदवाराच्या समोर, मतदारांच्या हातावर, बादलीतून खाऊ पडत होता, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. वेंकोबा तर दुसऱ्यांदा मागून खात होते. विहिरीवरची बादली त्यांच्या खिशात होती.

भरारी पथक आलं तेव्हा आम्ही त्यांनाही “या, गोंबे बघा” म्हटलं. अधिकारी तरुण आणि सभ्य होता. त्याच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता, त्यात पळी, बादली आणि बाईंचा हसरा चेहरा, तिन्ही स्पष्ट. तो हलक्या आवाजात म्हणाला, “मिस, तक्रार आली आहे. मतदारांना आमिष, तेही चिन्हातून.” त्यांनी पंचनामा केला आणि उसळी दुसऱ्या पातेल्यात ओतून बादली जप्त केली. पुसून नेली, हे सांगायला हवं.

वासुदेवराव दारात पळी धरून उभे होते. त्यांची उसळी आमिष ठरली होती. चेहरा असा झाला की मला बघवेना.

वेंकोबांनी लगेच पळवाट काढली. “घर यांचं, स्वयंपाक यांचा, हे पक्षाचे सदस्य नाहीत, गेटवर बादलीसुद्धा नाही. पक्षाचा संबंध नाही म्हणून लिहून देऊ. सुटलो!”

वासुदेवराव म्हणाले, “हौदु, होय, माझ्यावर घाला सगळं. मीच आणली बकेट.”

“बेड,” बाई म्हणाल्या. “माझे गोंबे बघायला आले, माझ्या घरी खाल्लं. काही द्यायचं नाही म्हणून मी दारोदार सांगते, आणि मीच उभी राहून वाढताना हसत होते. चूक माझी. तसंच लिहून देते.”

“तक्रार कुणी केली ते मी शोधून काढते,” मी तणतणले.

“सुम्ने बस गं, गप. मला नाव सांगूसुद्धा नको. उद्या त्याच्या दारी मत मागायला जायचंय, तेव्हा मला नीट हसता आलं पाहिजे.”

त्यांनी खरोखर लिहून दिलं. पुढे ताकीद देऊन प्रकरण मिटलं, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? आपली उमेदवारी राहते की जाते या धास्तीत आम्ही होतो, आणि बाईंना त्याहून मोठा घोर होता. पक्षाकडे एकच तत्त्व होतं, आणि तेच उसळीत पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं आली. बाई दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घोळक्याला, प्रत्येक आईला, एकच सांगत राहिल्या, “यंदा आमच्याकडे चरपु नाही. माझ्याकडून चूक झाली. गोंबे बघून जा, बन्नी, या.” मुलं सवयीने हात पुढे करायची आणि मग ते हात तसेच खाली जायचे. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. संसार सुरू झाल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच नवरात्रातल्या संध्याकाळी फोडणीचा वास नव्हता. घोळके पातळ होत गेले. बाई मला म्हणाल्या, “झालं गं मृदुला. आता कुणी यायचं नाही.”

तेवढ्यात समोरच्या घरातली पावनी, जी मघाशीच मुलाला घेऊन बाहुल्या बघून गेली होती, ती परत आली. हातात स्टीलचा डबा. “मिस,” ती म्हणाली, “तुम्ही द्यायचं नाही, हे कळलं. घ्यायला तर बंदी नाही ना?” डब्यात तिच्या घरची हरभऱ्याची उसळी होती.

बाईंनी वेंकोबांकडे बघितलं. वेंकोबांनी डोळे मिटून सगळे नियम आठवून बघितले. म्हणाले, “मतदाराने उमेदवाराला आमिष दाखवल्याचं... नाही, असं काही माझ्या वाचनात नाही.”

पावनीच्या मागून कोपऱ्यावरची शिंपीणबाई आली, मग छापखानेवाली मुलगी, मग ते शिव्या देणारे आजोबा केळीच्या पानात काहीतरी बांधून घेऊन. मूग, चवळी, शेंगदाणे, गूळ घातलेल्या कोबरी मिठाईचा, म्हणजे खोबऱ्याच्या वडीचा, तुकडा. ज्याच्या त्याच्या घरचा चरपु. बाहुल्यांसमोरचं टेबल भरलं, खुर्च्या भरल्या, वाकड्या पायाचीसुद्धा. बाई प्रत्येकाला हात जोडत होत्या, पण ‘उपकार झाले’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हते. सारख्या डोळे पुसत होत्या.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. वासुदेवराव बाहेर आले, टेबलाशी गेले आणि एकेका डब्यातलं चिमूटभर चाखत निघाले. “यात हिंग नाही,” ते म्हणाले. पुढचा डबा. “मीठ जास्ती.” पावनीच्या डब्याशी थांबले, पुन्हा एकदा घेतलं. “हे बरं आहे.” पावनी अशी लाजली की जणू हिलाच निवडून दिलं.

रविवारी मतदान झालं. आम्ही हरलो. पण यंदा नोटा आमच्या खाली होता, बराच खाली, आणि एका मोठ्या पक्षाचा माणूसही. मी ओट्यावर अक्षरशः नाचले. वेंकोबांनी पेढे आणले आणि आधी आचारसंहिता संपल्याची खात्री करून मगच वाटले.

बाई हसत होत्या, पण पेढा हातातच होता. म्हणाल्या, “मी ठरवलंय. पक्ष आता बंद करू या. गुडघे चालत नाहीत. एवढ्या लोकांनी एवढं दिलं, माझी ओटी भरली, तृप्त झाले. पण मागून चालवणारं कोणी हवं ना? ज्या बाईला आपल्या घरच्या गेटला बकेट लावता आली नाही, तिने दुसऱ्यांच्या गेटला किती वर्षं लावायच्या?” हे त्या चिडून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. वासुदेवराव आत कॉफी गाळत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. मी भांडले, वेंकोबा भांडले, पण त्यांनी मान हलवली. “आता निरोपाची फेरी काढू,” म्हणाल्या, “सगळ्यांना हात जोडून येऊ.”

फेरीच्या दिवशी आम्ही जमलो तेव्हा वासुदेवराव घरात नव्हते. निवडणूक कार्यालयातून फोन आला होता, जप्त केलेली बादली घेऊन जा म्हणून. आम्ही ओट्यावर चपला घालत होतो, तोच ते कोपऱ्यावर दिसले. सिटी बसने आले होते, पांढरा शर्ट इस्त्रीचा, आणि हातात ती स्टीलची बादली. बाईंना वाटलं, आत स्वयंपाकघरात नेतील. त्या बाजूला सरल्या.

ते आत गेले नाहीत. गेटपाशी थांबले. खिशातून सुतळी काढली, म्हणजे ती घेऊनच निघाले होते सकाळी. बादली गेटच्या वरच्या गजाला लावली, दोन वेढे दिले, आणि मला म्हणाले, “मृदुला, गाठ घट्ट आहे का बघ. माझी बोटं नीट वळत नाहीत.”

मी गाठ बघितली. घट्ट होती.

बाई पायरीवरून खाली आल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “निवडणूक संपली की.”

“पुढची आहे की,” वासुदेवराव म्हणाले. “तुझे गुडघे चालत नाहीत तर तू ओट्यावर बस. दारोदार मी जातो. मला सगळे ओळखतात.” मग वेंकोबांकडे बघत, “सदस्य व्हायला काय लागतं?”

वेंकोबांनी सगळे नियम बाजूला ठेवून खिशातलं पेन त्यांच्यापुढे धरलं.

अंबुजाबाईंनी त्या गेटसमोर, आपल्याच घराच्या गेटसमोर, पदर सावरला आणि नवऱ्याला दोन्ही हात जोडले. हजारो दारांशी म्हटलेले ते शब्द या वेळी त्यांना नीट म्हणता आले.

“उपकार झाले,” त्या म्हणाल्या.

“बरं, बरं,” वासुदेवराव म्हणाले. “उन्हात उभी राहू नको. आत चल, कॉफी करतो.”